चार तासांत लंडन, चौदा तासांत मुंबई

वाचकांचे प्रश्न : विमानप्रवास

मुंबईच्या विमानतळावर फ्लाइट डिस्पॅचर म्हणून मी नोकरी केली. विमान कोणत्या वाटेने जाणार, किती उंचीवरून उडणार, किती इंधन भरायचं, हे सगळं उड्डाणाआधी कागदावर मांडायचं आणि कॅप्टनसमोर ठेवायचं, हे आमचं काम. त्यामुळे अंतर आणि वेळ यांबद्दल कुणी विचारलं की मला मनापासून आनंद होतो. या वेळच्या पहिल्या पत्राला मी बरीच जागा दिली आहे. परदेशी मुलांकडे निघालेल्या कितीतरी आईवडिलांच्या मनात तोच प्रश्न असतो आणि तो विचारायचा संकोच वाटतो.

प्रश्न : ताईंना सप्रेम नमस्कार. मुलीच्या बाळंतपणासाठी जानेवारीत लंडनला निघाले आहे. वय ६८, एकटीच जाणार, विमानात पहिल्यांदाच बसणार. जावयांनी तिकीट पाठवलं. त्यात मुंबईहून दुपारी २ वाजता निघून त्याच दिवशी संध्याकाळी ६ वाजता लंडनला पोचतं, असं आहे. परतीचं विमान रात्री ९.३० ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० ला मुंबईत येतं. म्हणजे जायला चार तास आणि यायला चौदा? मुलगा म्हणतो, जाताना साडेनऊ तास लागतात. शेजारी म्हणतात, वाऱ्याने फरक पडतो. मला मधुमेह आहे, दोन वेळा इन्सुलिन घेते, म्हणून नेमके तास कळायला हवेत. इंटरनेटवर अंतर ७,२०० किलोमीटर दिलंय. विमान तेवढंच उडतं का? (कराडहून एक वाचक)

उत्तर : मुलाने सांगितलेले साडेनऊ तास बरोबर आहेत. वाऱ्याने फरक पडतो हेही खरं, पण तो तासाभराचा. बाकीचा सगळा फरक घड्याळांचा आहे.

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची छापतात आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. जगभर हाच नियम आहे. जानेवारीत लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. तुम्ही संध्याकाळी ६ ला उतराल तेव्हा कराडला रात्रीचे ११.३० झालेले असतील. दुपारी २ ते रात्री ११.३० म्हणजे साडेनऊ तास. परत येताना लंडनला रात्रीचे ९.३० वाजलेले असतात, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे ३. तिथून सकाळी ११.३० पर्यंत मोजा, साडेआठ तास होतात.

वेळेतला फरक माहीत नसेल तरी एक हिशेब करता येतो. तिकिटावर दिसणारे जाण्याचे आणि येण्याचे तास मिळवा आणि निम्मे करा. तुमचे चार आणि चौदा, मिळून अठरा, निम्मे नऊ. एका बाजूचा प्रवास सरासरी नऊ तासांचा आहे, हे तिथेच कळतं. घड्याळाचे साडेपाच तास जाताना वजा होतात आणि येताना तेवढेच मिळवले जातात, म्हणून बेरजेत ते उरतच नाहीत. कोणत्याही दोन शहरांसाठी हे चालतं. अट एकच, दोन्ही प्रवासांच्या वेळी दोन शहरांच्या घड्याळांतलं अंतर तेवढंच असलं पाहिजे. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. उन्हाळ्यात तो फरक साडेचार तासांचाच राहतो. तुमच्या तिकिटावरच्या वेळा पाहता परतीचा दिवस मार्चअखेरच्या आतला दिसतो. नातवंडाला सोडवेना म्हणून मुक्काम वाढवलात आणि तारीख एप्रिलमध्ये नेलीत, तर वेळा नव्याने वाचा. त्या बदललेल्या असतील.

आता तो वाऱ्याचा एक तास. आमच्या खात्यात या तासावर सगळ्यात जास्त डोकं खर्च होई.

जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. उन्हाळ्यात त्यांचा पट्टा हिमालयाच्या उत्तरेला सरकतो. थंडीत तो दक्षिणेला येतो आणि उत्तर भारत, इराण, आखात यांच्यावरून वाहतो. जानेवारीत तिथे ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरचे वारे नेहमीचे. मोठी विमानं साधारण त्याच उंचीवर उडतात. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर सांगतात, तो हवेच्या संदर्भातला. जमिनीवरचं अंतर किती वेगाने कापलं जातंय हे बघायचं तर समोरून येणारा वारा त्यातून वजा करायचा, पाठीमागून येणारा मिळवायचा.

लंडनपर्यंतच्या सगळ्या वाटेवर वारा सारखा नसतो. कुठे दोनशेचा, कुठे जवळजवळ नाही, कुठे आडवा. सरासरी ५० धरू आणि वाटेची लांबी ७,५०० किलोमीटर धरू. जाताना वेग उरतो ८५०, म्हणजे आठ तास पन्नास मिनिटांच्या आसपास. येताना तो होतो ९५०, म्हणजे आठ तासांना थोडा कमी. चढण्या-उतरण्यातला हळू वेग आणि जमिनीवरची रांगत जाण्याची वेळ मिळून दोन्हीकडे सुमारे चाळीस मिनिटं घाला. साडेनऊ आणि साडेआठ, अगदी तुमच्या तिकिटावरचे आकडे. नुसत्या पन्नासच्या सरासरी वाऱ्याने एवढं होतं.

डिस्पॅचच्या खोलीत शिफ्टवर आलं की आधी वाऱ्यांचे नकाशे टेबलावर पसरायचे. त्यावर बाणांसारख्या खुणा असतात, शेपटीला रेघा आणि भरीव त्रिकोण. रेघ म्हणजे दहा नॉट (वाऱ्याचा वेग मोजायचं माप), त्रिकोण म्हणजे पन्नास. जानेवारीच्या रात्री इराणवर दोन-दोन, कधी तीन त्रिकोण एका रांगेत दिसले की लंडनच्या विमानाला वाट थोडी वाकडी द्यायची किंवा उंची बदलायची. शंभर किलोमीटर जास्त उडून दहा मिनिटं लवकर पोचता येतं. पुढे हा हिशेब संगणक करू लागला, पण नकाशाकडे एकदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी फ्लाइट प्लॅनवर सही केली नाही.

मी ७,५०० का धरले, हा तुमचा शेवटचा प्रश्न. तुम्ही पाहिलेले ७,२०० किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर आहे. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून बघा. तो अरबी समुद्रावरून कराचीच्या माथ्यावर जातो, इराण तिरका ओलांडतो, कॅस्पियन समुद्राचा नैर्ऋत्येचा कोपरा गाठतो, मग अझरबैजान, जॉर्जिया, काळा समुद्र, युक्रेनमधला ओडेसाजवळचा भाग, दक्षिण पोलंड, जर्मनी आणि लंडन. सपाट नकाशावर हीच वाट उत्तरेला फुगलेली दिसते आणि लोकांना वाटतं, विमान लांबून जातंय.

पण त्या दोऱ्यावरून आज विमान जाऊ शकत नाही. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमान कंपन्यांसाठी आपलं आकाश बंद केलं. मग समुद्रावरून पश्चिमेला सरकून, आखाताच्या बाजूने, पुढे तुर्कस्तान आणि बाल्कन देशांवरून जावं लागतं. आखातात तणाव वाढला की त्यातही बदल होतो. २०१९ साली २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानचं आकाश असंच बंद होतं, तेव्हा मी नोकरीत होते. मुंबईच्या विमानांना त्याचा त्रास तसा कमी, कारण आपल्यासमोर समुद्र मोकळा आहे. दिल्लीचे हाल झाले. पश्चिमेला निघालेलं विमान आधी दक्षिणेला, गुजरातच्या किनाऱ्याकडे आणायचं आणि मग समुद्रावरून वळवायचं. अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं. दोन शहरं जागच्या जागी होती, त्यांच्यातला प्रवास रातोरात लांबला.

लंडनजवळ आल्यावरही एक गोष्ट घडू शकते, तेव्हा घाबरू नका. हीथ्रोवर गर्दी असली की विमानांना बॉव्हिंग्डन, लॅम्बॉर्न, बिगिन किंवा ओकम या चार ठिकाणांवर आकाशात घिरट्या घालत थांबवतात. खिडकीतून तेच शेत पुन्हा दिसेल. काही बिघडलेलं नसतं, उतरण्याची पाळी येण्याची वाट बघणं चालू असतं. त्यासाठीचं इंधन भरलेलं असतं. लंडनला उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत पोचण्याचं वेगळं, आणि त्यावर आणखी अर्ध्या तासाचं वेगळं. हे आकडे कागदावर दिसल्याशिवाय कॅप्टन निघत नाहीत.

आता इन्सुलिन. डोक्यात सगळे आकडे ठेवू नका. डॉक्टरांना "दुपारी २ ला निघून ६ ला पोचते" असं अजिबात सांगू नका, त्यांना चार तासच वाटतील. घराचं दार ओढून घेतल्यापासून मुलीच्या घरी पोचेपर्यंतचे तास आपल्या घड्याळाने मोजून सांगा. कराडहून मुंबईची गाडी, विमानतळावर तीन तास आधी हजर राहणं, साडेनऊ तास विमान, उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि सामान, मग मुलीचं घर. हे सगळं मिळून जवळजवळ एक दिवस होईल. या काळात मात्रा कधी आणि किती घ्यायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. मनगटावरचं घड्याळ पोचेपर्यंत आपल्याच वेळेवर राहू द्या, फोन स्वतःहून बदलला तरी. इन्सुलिन मोठ्या बॅगेत घालू नका, खाली सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकतं. हातातल्या पिशवीत ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि खायला काहीतरी. एकट्या आहात, तेव्हा जावयांना सांगून व्हीलचेअरची मदत आधीच नोंदवून घ्या. चालता येत असलं तरी घ्या. तो माणूस रांगांमधून तुम्हाला थेट बाहेर मुलीपर्यंत नेतो. बाळ-बाळंतिणीला माझे आशीर्वाद.

प्रश्न : मॅडम, मी नागपूरचा, मुंबईत इंजिनिअरिंगला आहे. मुंबई-नागपूर हवाई अंतर ६८० किलोमीटरच्या आसपास येतं. विमान ९०० च्या वेगाने उडतं तर पाऊण तासात पोचायला हवं. तिकिटावर दीड तास, कधी त्याहून जास्त लिहितात. कंपन्या वेळ फुगवून लिहितात का? आणि समृद्धी झाल्यावर विमानाला अर्थ उरला का?

उत्तर : हवाई अंतर बरोबर काढलंस. रेल्वेने ते ८३७ किलोमीटर आहे आणि समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. म्हणजे रस्ता आता विमानाच्या रेषेच्या किती जवळ आलाय बघ.

तिकिटावरची वेळ हवेत असण्याची नसते. आमच्या भाषेत तो ब्लॉक टाइम, चॉक्स ऑफ ते चॉक्स ऑन. चाकांपुढची ठोकळी काढून विमान मागे ढकललं जातं तिथे घड्याळ सुरू होतं, आणि दुसरीकडे उभं राहून चाकांना पुन्हा ठोकळी लागली की थांबतं. मुंबईत या जमिनीवरच्या वेळेला मोठं कारण आहे. इथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. दोन्हींवर एकाच वेळी विमानं सोडता-उतरवता येत नाहीत. त्यामुळे गर्दीच्या वेळी विमान जागेवरून निघालं तरी धावपट्टीपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. मग चढताना वेग कमी, उतरताना कमी. एवढ्याशा अंतरात ९०० चा वेग पंचवीस-तीस मिनिटंच मिळतो. लंडनला जाताना हा जमिनीवरचा वेळ एकूण प्रवासात बुडून जातो, नागपूरला तो डोळ्यांत भरतो.

कंपन्या वेळेत थोडी मोकळीक ठेवतात हे खरं आहे, आणि मी त्याच्या बाजूने आहे. पाच मिनिटं उशीर झाला की त्याच विमानाची पुढची फेरी उशिरा, मग त्याच्या पुढची. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला त्याचा तास झालेला असतो. मोकळीक ठेवली की शेवटच्या विमानातला माणूसही वेळेवर घरी पोचतो. मुंबईहून नागपूरला येताना थंडीत पाठीमागून वारा मिळतो, तेव्हा दहा मिनिटं लवकर उतरलास तर नवल नाही.

समृद्धी ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. आठ तासांचा रस्ता. विमानाचा दीड तास, त्याआधी विमानतळावर दीड-दोन तास, तुझ्या होस्टेलपासून तिथवर एक तास, नागपुरात सोनेगावचा विमानतळ शहराला लागूनच असल्याने तिथे फारसा वेळ नाही. पाच तास धर. फरक तीन तासांचा. दिवाळीत विमानाचे दर चढतात तेव्हा त्या तीन तासांसाठी किती मोजायचे ते तू ठरव. मी विद्यार्थी असते तर विदर्भ एक्स्प्रेसने रात्री झोपून गेले असते. रस्त्याने जाणार असशील तर एक विनंती आहे, त्या सरळसोट रस्त्यावर डोळा लागतो. एकट्याने गाडी चालवत सलग आठ तास काढू नकोस.

प्रश्न : मी सातवीत आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान वर जाऊन एकाच जागी थांबलं, तर लंडन आपोआप खाली येणार नाही का? (लातूर)

उत्तर : तुझा प्रश्न फार छान आहे. मुंबईजवळची जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते, म्हणजे विमानापेक्षाही जोरात. तू म्हणतोस तसं झालं असतं तर इंधन किती वाचलं असतं! पण जमिनीबरोबर हवाही फिरते. विमान धावपट्टीवर उभं असतं तेव्हा तेही त्याच वेगाने फिरत असतं, आणि वर गेल्यावर तो वेग कुठे हरवत नाही. चालत्या एसटीत बसून चेंडू वर फेकून बघ. तो मागच्या सीटवर जात नाही, तुझ्याच हातात येतो.

यातलं थोडंसं मात्र खरं आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळेच उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वळतात. वर कराडच्या आजींना सांगितलेला तो एक तास तिथूनच येतो. ते उत्तरही वाचून बघ, आणि वर्गात पृथ्वीचा गोल असेल तर दोऱ्याचा प्रयोग मित्रांना करून दाखव.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त, रत्नागिरीत राहतो. मुलाकडे लंडनला जायचं आहे. थेट विमान महाग पडतं, दुबईवरून स्वस्त. दुबईवरून जाताना लांबचा फेरा पडतो का?

उत्तर : अंतराचा फेरा नगण्य आहे. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई-लंडन सुमारे ५,५००, मिळून ७,४३०. सरळ रेषेपेक्षा दोन-सव्वादोनशे किलोमीटर जास्त, विमानाला पंधरा मिनिटांचं. वेळ जातो तो मधल्या थांब्यात. दुबईपर्यंत सव्वातीन तास, पुढे साडेसात, म्हणजे पावणेअकरा. त्यात थांबा मिळवा.

थांबे घेत जाण्यात कमीपणा मानू नका. एअर इंडियाचं पहिलं लंडनचं विमान, 'मलबार प्रिन्सेस', ८ जून १९४८ ला मुंबईहून निघालं तेव्हा कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. तेव्हाच्या विमानांना तेवढा पल्ला एका दमात झेपतच नव्हता. तुमच्या वयाला तर मध्ये उतरून पाय मोकळे करणं चांगलंच. साडेनऊ तास एका जागी बसून पाय सुजतात.

थांबा किती तासांचा घ्यावा, एवढंच नीट ठरवा. तासा-सव्वातासाचे थांबे तिकिटावर दिसतात, ते तरुणांसाठी ठीक. तुम्ही तीन तासांचा घ्या. दुबईचा विमानतळ मोठा आहे, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत गाडीने जावं लागू शकतं, आणि मुंबईचं विमान अर्धा तास उशिरा निघालं तर धावपळ तुमची होते. आठ-दहा तासांचा थांबा स्वस्त मिळाला तरी टाळा. रात्र खुर्चीवर काढून लंडनला पोचल्यावर दोन दिवस अंग वर निघत नाही. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर हवीत. तसं असेल तर सामान थेट लंडनला जातं आणि पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर पुढची सोय करणं कंपनीवर बंधनकारक असतं. वेगवेगळी दोन तिकिटं जोडून कुणी स्वस्तात दिली, तर यातलं काहीच मिळत नाही. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे असतं, तेव्हा पुढच्या विमानाची वेळ तिथल्या भिंतीवरच्या घड्याळात पाहा.

आणि रत्नागिरीहून निघण्याआधी तिकिटावर विमानतळाचं नाव वाचा. नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू झाला आहे. तिकिटावर बीओएम असेल तर अंधेरी-सांताक्रूझचा जुना, एनएमआय असेल तर नवी मुंबईचा. तुम्ही मुंबई-गोवा महामार्गाने पनवेलवरून येणार, त्यामुळे नवी मुंबई तुम्हाला आधी लागेल. जुन्या विमानतळावर जायचं असेल तर पनवेलपासून पुढे दोन तास धरूनच घरून निघा, पावसाळ्यात तीन.